खंडाचा दिवस

सकाळचे नऊ वाजून गेले तरी प्रमोदिनी खोलीतच होती. जतकडच्या एका सरकारी दवाखान्यात ती हंगामी नर्स. वाई सोडल्यापासून तीन वर्षांतलं हे पाचवं गाव. सलग नोकरी झाली तर कायम करावं लागेल, म्हणून ठरावीक महिन्यांनी एक दिवस खंड पाडून घरी बसवायचं आणि मग नवी ऑर्डर काढायची, बहुधा भलत्याच गावची, अशी वहिवाट पडली होती. तो दिवस आज होता. तिला इथंच ठेवा म्हणून गावानं दोनदा अर्ज केला होता. उत्तर आलं नव्हतं.

"बाई! आवं बाई!" मेंढपाळ नानासो दारात धापा टाकत होते. "सून अडलीया. तुमचंच नाव घेतीया."

डॉक्टर जीप घेऊन शिबिराला गेलेले. प्रमोदिनी तशीच दवाखान्यात धावली. तासाभरात नानासोंच्या सुनेला, हरणाबाईला, मुलगी झाली.

"रडली न्हवं?" हरणाबाईनं विचारलं.

"रडली की. ऐका."

पण रक्त थांबेना. रक्त थांबवायचं इंजेक्शन कपाटात होतं आणि तिच्याकडची चावी खंडामुळं कालच क्लार्क भाऊसोंच्या ताब्यात गेली होती.

"भाऊसो, चावी द्या."

"सिस्टर, आज तुमी नोकरीत न्हाई. काय झालं तर माझ्या गळ्याशी येईल. सांगलीच्या हापिसात इचारतो."

फोन लागेना. प्रमोदिनी दोन्ही हातांनी हरणाबाईचं पोट दाबून उभी राहिली. चावी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. इंजेक्शन दिलं, टेम्पोत घालून मिरजेची वाट धरली. निम्म्या वाटेतच हरणाबाई गेली.

परत आल्यावर भाऊसोंनी मान खाली घालून रजिस्टर पुढं केलं. "घरी बाळंत झाली म्हणून लिवा. दोघंबी सुटू. तुमची पाटणची ऑर्डर निघतीया, सांगलीला उशिरा फोन लागला तवा कळलं."

प्रमोदिनीनं लिहिलं : 'प्रसूती दवाखान्यात. औषध कुलपात. चावी अर्ध्या तासानं मिळाली.' खाली पूर्ण नाव घालून सही केली.

"आता पाटणबी गेलं, सिस्टर."

"ठाऊक आहे."

ती बाहेर आली. व्हरांड्यात नानासो घोंगड्यात नात गुंडाळून बसले होते. ते लगबगीनं उठले.

"बाई, हिला दूध कसं पाजायचं? उद्याच्याला आणतो, तुमी दावा. तुमी असणार न्हवं?"

 कुणाला विचारून प्रमोदिनी 'हो' म्हणणार होती?