होडीपुरती वाट

मी देहेनची होडी बोलतेय, कालव्याच्या तळातून. कालिमंतान बेटावरच्या या दलदलीतच माझा जन्म. देहेनने एक जाडजूड खोड कोरलं, आत विस्तव पेटवून मला रुंद केलं आणि पाण्यात सोडलं.

तेव्हा इथली जमीन म्हणजे पाण्यात बुडालेला पालापाचोळा. हजारो वर्षं झाडं पडत आली, पानं गळत आली, पण पाण्याखाली काहीच पुरतं कुजत नसे. सगळं थरावर थर साचून राही. झाडांच्या चिकाचं रबर नदीपर्यंत न्यायला गावाने त्या दलदलीतून कालवा खणला. मी तर मिरवतच सुटले.

पण माझ्यामागून पाणीही निघालं. नदी कोऱ्या चहासारखी दिसू लागली. जमिनीचंच सत्त्व तिच्यात वाहून चाललं होतं. मागे राहिलेली जमीन वाळली, खचली, घरांचे खांब उघडे पडले. मग एका कोरड्या वर्षी जमिनीच्या पोटातच आग शिरली. वरून बादल्या ओतून काय होणार? युगानुयुगं साठलेलं सगळं धूर होऊन गेलं. देहेनची लेक उरिया श्वासासाठी तडफडू लागली.

पावसाने आग विझली. पाणी दलदलीतच अडून राहावं म्हणून गावाने खांब ठोकून, मातीची पोती रचून कालव्यावर बांध घातला. देहेनने मात्र माझ्यापुरती फट ठेवायला लावली. नाहीतर रबर न्यायचं कसं, हे त्याचं म्हणणं सगळ्यांनाच पटलं. माणसं अशीच, दार लावतात आणि कडी तेवढी उघडी ठेवतात. त्या फटीतून दलदल पुन्हा रिकामी झाली. पुढच्या उन्हाळ्यात धूर आला आणि उरियाचा खोकलाही.

देहेनची बायको लामियांग बांधावर आली. "उरियाचे बाबा, ती फट बुजवा."

"मग होडी कुठून जाणार?"

"पोरीचा श्वास अडलाय, आणि तुम्हाला होडीची पडलीय?"

देहेन पाण्यात उतरला. मग त्याने मला फटीत आडवं लावलं आणि माझ्यात माती भरू लागला. माझ्या काठावर हात ठेवून म्हणाला, "मीच घडवलं तुला. रागावू नकोस गं."

पाणी आत आलं तेव्हा मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

आता रबर तो पाठीवरून नेतो आणि वाटभर कुरकुरतो. दलदल भरली आहे. उरिया बांधावर बसून गळ टाकते, माशांशी भांडते. मी कुजलेले नाही. माझ्यावरही पानं साचू लागली आहेत. कधी कोणाला माझी दया आली, तरी मला वर काढू नका. कोरडी झाले, तर मीही धूरच होईन.