विभावरीबाईंची प्रार्थना

मारायच्या आधी रमण घड्याळ काढायचा. पट्टा सोडून, काच वरच्या बाजूला ठेवून, टेबलाच्या कडेला. हे मला माझ्या धाकट्या बहिणीने, श्यामलाने सांगितलं, ती लेकीला, सानिकाला घेऊन या नवऱ्याच्या घरातून निघाली तेव्हा. दोन वर्षं झाली त्याला. ती ऑकलंडकडे कुठे राहते हे आमच्या प्रार्थनामंडळात फक्त मला आणि विभावरीबाईंना ठाऊक होतं. सामान त्यांच्या मुलाने व्हॅनमधून पोचवलं होतं.

आज रमण ऑकलंडपासून आठ तासांवर, लोअर हटमध्ये, माझ्याच सोफ्यावर बसला होता. महिन्याची मराठी प्रार्थनासभा या वेळी माझ्या घरी होती, आणि "तो बदललाय, प्रभूने कसं बदललं त्याची साक्ष द्यायची म्हणतो," असं सभा चालवणाऱ्या हरीशभाऊंनी फोनवर सांगितल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

हरीशभाऊ बायबलमधल्या शौलाविषयी बोलले, जो पुढे पौल झाला. येशूच्या शिष्यांचा छळ करणारा तो, आणि प्रभूने त्याच्याचकडे हनन्या नावाच्या शिष्याला पाठवलं. हनन्या घाबरला. पुढे यरुशलेममधल्या शिष्यांनाही तो आपल्यातला झालाय हे खरं वाटेना.

"मला एक कळत नाही," मी म्हणाले. "शौलाचा हट्टी स्वभाव पौलातही तसाच राहिला. मग बदललं काय?"

"दिशा बदलली, सुनीतीबाई," हरीशभाऊ म्हणाले.

"ती पुन्हा फिरणार नाही कशावरून?"

"झालं! हिला देवसुद्धा मायक्रोस्कोपखाली लागतो," विभावरीबाई म्हणाल्या. सगळे हसले. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे हा विनोद जुनाच आहे.

रमण हसला नाही. "ताईंचं बरोबर आहे," तो म्हणाला. "राग अजून येतो. तोच राग."

मग प्रार्थना सुरू झाली. आमच्याकडे एकेक जण डोळे मिटून, मोठ्याने, नावं घेऊन मागतो. मोघम मागणं आळशीपणाचं समजतात. विभावरीबाईंची पाळी आली.

"प्रभू, रमणला धीर दे. आणि तिकडे ऑकलंडला, बॉटनी डाउन्समध्ये, त्या शाळेसमोरच्या घरात, आमच्या श्यामलाला आणि सानिकाला..."

मी डोळे उघडले. बाकी सगळ्यांचे मिटलेले होते. फक्त रमणचे उघडे होते, आणि ते माझ्याकडे पाहत होते.

"आमेन," सगळे म्हणाले.

चहा झाला, बाकीचे गेले. विभावरीबाईंना काही जाणवलंच नव्हतं; त्यांनी मला मिठी मारली आणि उरलेला केक डब्यात भरून घेतला. हरीशभाऊ त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. मी कप घेऊन किचनमध्ये आले. मागे पावलं वाजली.

रमण दारात उभा होता. त्याने मनगटावरचा पट्टा सोडला. घड्याळ ओट्यावर ठेवलं, काच वर.

माझे हात सिंकच्या कडेवर घट्ट झाले. बाहेर हरीशभाऊंचं बोलणं ऐकू येत होतं.

त्याने बाह्या वर केल्या, नळ सोडला आणि कप धुवायला घेतला.

"मी ऐकलं, ताई."

"माहीत आहे."

"मी जाणार नाही तिकडे. आज तरी अगदी नक्की वाटतंय." त्याने कप पालथा घातला. "पण मला कळलंय, हे तिला सांगा. आजच. माझ्या शब्दावर विसंबून तिला तिथे थांबवू नका."

सगळे कप धुऊन, हात पुसून, घड्याळ बांधून तो हरीशभाऊंच्या गाडीत बसला. मी दार लावलं, ओढून पाहिलं, आणि श्यामलाला फोन केला. सगळं सांगितलं.

"त्याने घड्याळ काढलं होतं?" तिने विचारलं.

"हो. कप धुवायला."

"ठेवलं कसं?"

"काच वर."

पलीकडे दाराची कडी लावल्याचा आवाज आला. मग रिसीव्हरपासून तोंड लांब नेऊन ती म्हणाली, "सानिका, बेटा, शूज घाल."

"व्हाय, मम्मी?"

"घाल म्हटलं ना."