दोघींची तयारी

विमलाबाईंनी सुनेचं मंगळसूत्र ओढणीखालून बाहेर काढलं, नीट बसवलं आणि जरा मागे सरून पाहिलं.

“हे दिसायला हवं. समितीवाले बघतात.”

“आज समिती नाहीये, आई. आज फक्त डॉक्टर,” संचिता म्हणाली.

“असू दे. सवय होईल.”

“आई, गप्प बस ना जरा,” देवेश म्हणाला.

ठाण्यातल्या त्या हॉस्पिटलच्या बाकावर तो मध्ये बसला होता. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बायको. डायलिसिसने त्याला पस्तिशीतच पन्नाशीचा करून टाकलं होतं. सरकारी यादीत नाव होतं, पण मेलेल्या माणसाची किडनी मिळेपर्यंत यादीतली माणसंच गळतात, हे मोहने गावातल्या त्यांच्या चाळीत आता सगळ्यांना पाठ होतं. राहिलं घरचं कुणीतरी. विमलाबाईंची तपासणी आधी झाली होती. त्यांची किडनी घेता येणार नाही असं निघालं. मग अर्थातच सून. नवराबायको खरेच आहेत हे अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीला दाखवावं लागतं, म्हणून विमलाबाईंनी लग्नाचा अल्बमसुद्धा आतापासून पिशवीत घातला होता.

सुनेला त्यांनी चांगलंच धारेवर धरलं होतं. आरडाओरडा करून नव्हे, भाजी निवडता निवडता. वटपौर्णिमेला ती वडाला सूत गुंडाळून दारात आली, तर म्हणाल्या, “सात जन्म हाच नवरा मागून आलीस ना? मग या जन्मात एक किडनी द्यायला विचार कसला करतेस?” संचिता दुसऱ्या दिवशी तपासणीला गेली.

फाइल घेऊन समुपदेशक बाई आल्या.

“संचिताताई, रिपोर्ट सगळे मस्त आहेत. आमच्याकडे देणाऱ्या बहुतेक बायकाच असतात, नवरे क्वचित. आता डॉक्टर तुमच्या एकटीशी बोलतील. नातेवाईक नकोत.”

संचिता आत गेली आणि दार लागलं. ती खोली विमलाबाईंना माहीत होती.

त्यांच्या तपासणीच्या वेळी त्यांचेही रिपोर्ट मस्तच होते. डॉक्टरांनी मायेने विचारलं, मनापासून देताय ना, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. “मला फार भीती वाटते हो. पण पोराला कळता कामा नये.” डॉक्टरांना नवल वाटलं नाही. बाहेर आम्ही वैद्यकीय कारण एवढंच सांगतो, म्हणाले, पुढचं कुणालाच नाही. बाहेर येऊन विमलाबाई अशा रडल्या, की वॉर्डबॉयने पाणी आणून दिलं. रडणं खरंच होतं, फक्त सुटल्याचं होतं. त्यानंतर सुनेला टोचायचा हक्क आपल्याला मिळाला, असंच त्या धरून चालल्या होत्या.

दार उघडलं. संचितामागून डॉक्टर आले.

“सॉरी, देवेश. वैद्यकीय कारणामुळे यांची किडनी आपल्याला घेता येणार नाही.”

“पण रिपोर्ट तर चांगले होते ना?”

“कारण त्यांचं खाजगी आहे. तुझं नाव यादीत आहेच. धीर धर.”

खोटं आहे, सगळं खोटं आहे. विमलाबाईंच्या ओठांवर आलं होतं. आपल्या लेकाला ही बाई मारायला निघाली आहे, या संतापाने त्या उठल्यासुद्धा. पण तुला कसं ठाऊक, असं देवेशने विचारलं असतं.

संचिता त्यांच्याकडेच पाहत होती, न घाबरता.

“आई, तुमचंपण असंच झालेलं ना?”

विमलाबाई खाली बसल्या.

“हो गं,” त्या म्हणाल्या.

सुयांनी फुगलेला हात देवेशने बायकोच्या हातावर ठेवला आणि दुसरा आईच्या.

“तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. नशीबच नाही, त्याला तुम्ही काय करणार? तुमची दोघींची तयारी होती, मला तेवढं पुरे आहे.”

दोघींनीही होकारार्थी मान हलवली.