कंपनबुवांच्या शालीतला बोकड

"दार करकरतं. आत काळोख. काळोखात कुणीतरी श्वास घेतंय. बोला, आता तुम्ही काय करता?"

काकांचा हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा खुर्चीवर बसले की माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मुंगीएवढ्या चाकांची मनधरणी करायचे, आणि शनिवारी संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत आम्हा चारचौघांना गोष्टीत नेऊन सोडायचे. खेळच तसा होता. गोष्ट काकांनी सांगायची, तिच्यातली माणसं आपण व्हायचं, आणि जगायचं की मरायचं ते फाशाच्या दानावर ठरायचं.

पूर्वी काका नकाशा खडूने काढत. उतारवयात त्यांना हौस आली. जुना टीव्ही टेबलात आडवा बसवला, वर काच घातली. लॅपटॉपमधला नकाशा त्या टीव्हीवर उमटायचा, आणि आम्ही आपापल्या फोनवर बोट फिरवलं की टेबलावरची आपली सोंगटी चालायची. मावशीच्या घरच्या वायफायवर हा सगळा संसार चाले.

काका गेले आणि लॅपटॉपसोबत गोष्ट सांगायचं कामही माझ्याकडे आलं. त्यांची सोंगटी, निळ्या टोपीचा ढेरपोट्या मांत्रिक, आम्ही नकाशाच्या कोपऱ्यात तशीच उभी ठेवली. ती पुसायला कुणाचा हात धजेना.

आणि एका शनिवारी तो मांत्रिक चालू लागला.

कुणाचं बोट नाही, कुणाची फुंकर नाही. कोपऱ्यातून निघाला, भिंतीला धडकला, मागे सरला, पुन्हा धडकला. मग वाट सापडल्यासारखा गुहेच्या मधोमध येऊन थांबला. आमच्यातला बेकरीवाला, खेळात राक्षसांची मुंडकी उडवणारा गडी, खुर्चीसकट मागे सरकला. मावशी दारातून आत आली आणि काचेवर हात ठेवून उभी राहिली.

पहिला शब्द फुटला तो कंपनबुवांच्या तोंडून. हे बुवा मावशीचे भाडेकरू, वरच्या खोलीत राहायचे. पूर्वी गाद्या विकत. गाद्या खपेनात तेव्हा स्वतःच एका गादीवर बसले आणि लोकांची कंपनं दुरुस्त करू लागले. खेळाची गंमत वाटते म्हणून महिनाभर आधीपासून खाली येऊन बसत. उन्हाळा असो की पावसाळा, अंगावर राखी शाल, हात शालीत, मान खाली.

"माणूस जातो," बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हेलकावा राहतो. आणि हा तर घड्याळजीचा हेलकावा. लंबकाचा. उत्तरेला सव्वा अंश कललेला."

सव्वा अंश त्यांनी कशाने मोजला हे विचारायची कुणाला शुद्ध होती?

पुढच्या शनिवारी दुकानाच्या पायरीपासून गल्लीच्या वळणापर्यंत माणसंच माणसं. शिकवणीवाले सर आले, इस्त्रीवाला आला, ज्यांची घड्याळं काकांकडे अडकून पडली होती तेही आले. मांत्रिक डावीकडे वळला की गल्ली 'आहाहा' करी, उजवीकडे वळला की हात जोडी. बेकरीवाला टेबलाच्या कोपऱ्यावर मांत्रिकासाठी रोज ताजा पाव ठेवू लागला. हेलकाव्याला पाव चावता येत नाही, म्हणून तो बुवा त्याच्या वतीने खात.

शिकवणीवाल्या सरांना एक शंका आली होती. इंटरनेटवरून दूरचा कुणी हे करत नसेल ना? बुवा गालात हसले. म्हणाले, उपटा ती वायर. बेकरीवाल्याने भिंतीतून येणारी इंटरनेटची वायर खसकन ओढली. सरांनी फोनवर त्या वायफायने बातम्या उघडून पाहिल्या, उघडेनात. आणि तेवढ्यात मांत्रिक तुरुतुरु चालत गेला. सरांची शंका तिथेच गार पडली.

मी सांगून पाहिलं की वायर उपटल्याने काही सिद्ध होत नाही. पण खेळणाऱ्यांचे फोन तर टेबलावर उताणे पडलेले दिसत होते, मग हलवतंय कोण? आणि लोक मला म्हणाले, घरचेच काका तुझे, तुलाच कशी गं श्रद्धा नाही?

खरं तर माझं तोंड मावशीने बंद केलं होतं. ती पुन्हा वेणीफणी करू लागली होती. शनिवारी दुपारपासून काच पुसायची, पुसताना गुणगुणायची. कुणाचा असा हरवलेला सूर परत आलेला असताना तो खोटा आहे म्हणून कसं सांगायचं?

मग मांत्रिकाला मागण्या सुचू लागल्या. तो नकाशातल्या सभामंडपात जाऊन उभा राहिला, की बुवा अर्थ लावत: यांना इथं साधनेसाठी जागा हवी आहे. तो दाराशी गेला, की अर्थ: दुकान बंद व्हावं. करता करता सगळा अर्थ असा लागला, की दुकान आणि मागचं मावशीचं राहतं घर मिळून बुवांचं कंपनकेंद्र व्हावं आणि मावशीने वरच्या खोलीत बुवांच्या जागी राहायला जावं. बुवा मोठ्या मनाने तिला पंखा ठेवून जाणार होते. मावशी म्हणाली, ह्यांचीच इच्छा असेल तर माझी ना नाही. येत्या शनिवारी किल्ल्या द्यायचं ठरलं.

मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले. त्याही आमच्यातल्याच, खेळात कुलपं फोडणारी चोरटी. एका माणसाच्या जबड्यात दोन्ही हात घालून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, बुवांच्या अंगावरची शाल उकाड्यातही का उतरत नाही? तो जबड्यातला माणूसही 'आँ' म्हणाला.

शनिवार आला. किल्ल्यांचा जुडगा मावशीने काचेवर ठेवला. दाटीवाटीने माणसं उभी. डॉक्टरीणबाई फार नम्रपणे म्हणाल्या की आजचा प्रसंग मोठा, यंत्रांची बाधा नको. खेळणाऱ्यांनी आपापले फोन बेकरीवाल्याच्या पावाच्या ट्रेमध्ये ठेवून ट्रे फळीवर चढवावा. बुवांना ही कल्पना भलतीच आवडली.

"उत्तम," ते म्हणाले. "मी तर माझं यंत्र वरच ठेवून येतो. साधनेच्या वेळी स्पर्शसुद्धा करत नाही."

फोन फळीवर गेले. आणि मांत्रिक निघाला, गुहेतून सभामंडपाकडे, थेट किल्ल्यांच्या दिशेने. गल्लीने 'आहाहा' केलं. मावशीचा हात जुडग्याकडे गेला.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. मी लॅपटॉपवर एक बटण दाबलं.

सांगायला हवं, की गोष्ट सांगणाऱ्याला लॅपटॉपवरून आवाज काढता येतात, आणि जेवढे फोन खेळाला जोडलेले असतील तेवढ्यांतून ते एकदम वाजतात. वादळ, तलवारी, अजगराचा फूत्कार, सगळं काकांनी भरून ठेवलं होतं. मी निवडला बोकड.

फळीवरच्या ट्रेमधून बोकड ओरडला. आणि कंपनबुवांच्या पोटातूनही ओरडला.

सगळी गल्ली बुवांकडे पाहू लागली. बुवांनी डोळे मिटले. "नाभीचं कंपन," ते म्हणाले. मी पुन्हा बटण दाबलं. नाभी पुन्हा बें बें करून ओरडली. बुवांनी घंटी बंद करून ठेवली असणार, पण घंटी मुकी केली म्हणून बोकड मुका होत नाही. तिसऱ्या वेळी बुवा शालीच्या आत दोन्ही हातांनी त्या बोकडाचा गळा दाबू पाहत होते. इस्त्रीवाल्याने, ज्याचा जन्मच कापडाच्या घड्या उलगडण्यात गेला, शालीचं टोक धरून हलकेच उचललं. मांडीवर फोन. फोनवर गुहा. गुहेत निळ्या टोपीचा मांत्रिक. आणि त्याच्यावर बुवांचा अंगठा.

बेकरीवाल्याचा चेहरा न भाजलेल्या पावासारखा झाला. म्हणाला, अहो, यांना फोन जोडून मीच तर दिला होता, गंमत बघायची म्हणाले म्हणून. जोडताना 'तुम्ही कोण' असं खेळ विचारतो, आणि काकांची जागा तर मोकळीच होती.

शिकवणीवाल्या सरांनी चाचरत विचारलं, पण वायर तर उपटली होती ना?

"सर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वायर म्हणजे घराचं पुढचं दार. वायफायचा डबा म्हणजे घरातला बोळ. पुढचं दार लावलं तरी स्वयंपाकघरातून माजघरात येता येतंच की. खेळ या लॅपटॉपात, फोन या खोलीत, बाहेरच्या जगाशी काम काय? तुम्ही दाराला कुलूप घातलंत आणि चोराला आत पाव खायला बसवलंत."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. त्या हशात बुवा उठले, शाल सावरत आमची कंपनं फार जड झाली आहेत असं पुटपुटले आणि जिना चढून गेले. आठवड्याभरात खोली रिकामी झाली. पंखा मात्र घेऊन गेले.

वाचकहो, त्या गर्दीत मूर्ख कुणीच नव्हतं. ज्याच्यावर जीव होता तो परत आला असं वाटलं की शहाण्यालाही शंका घेणं पाप वाटतं, आणि असे बुवा नेमके त्याच जागी गादी टाकतात. म्हणून जिथे डोळे भरून येतात तिथेच ते पुसून पुन्हा एकदा बघावं. हलणाऱ्या वस्तूला हलवणारा असतो. तो कुठे बसलाय आणि त्याचे हात कुठे आहेत, एवढंच विचारावं. असं विचारल्याने गेलेल्या माणसावरची माया तसूभरही कमी होत नाही.

पण त्या संध्याकाळी हे मावशीला सांगायचं धैर्य मला नव्हतं. गर्दी पांगली. मावशी, डॉक्टरीणबाई, बेकरीवाला आणि मी, असे चौघंच उरलो. मावशी काचेकडे बघत बसली होती. आता रडेल, आता माझ्यावर चिडेल, म्हणून मी जीव मुठीत धरून उभी.

"मला वाटलं, हे मला बोलवायला आलेत," ती म्हणाली.

मी म्हटलं, मावशी, कुठे बोलवायला?

"कुठे म्हणजे? टेबलावर." तिने एक खुर्ची ओढली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीवर नुसता हात ठेवला. "इतकी वर्षं कप भरून आणले, रिकामे कप नेले. तुम्ही गुहेत शिरायचात आणि मी मोरीवर. ह्यांनी कधी विचारलं नाही, मीही कधी बोलले नाही. म्हटलं, घड्याळजीची बायको, हसतील सगळे. पण मला खेळायचं होतं गं. माझी एक बाई आहे मनात. होडी चालवते, एका डोळ्याने अधू आहे, आणि कुणाच्या बापाला भीत नाही. भांडी घासता घासता मी तिला तुमच्या या गुहेच्या कितीतरी पुढे नेऊन ठेवलीय."