लाल पेटी सापडली नाही

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पत्रपेटी आहे, आणि बाकीचं सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी कधीही हरवले नव्हते. मी सापडत नाही असं कोणी शिक्का मारून लिहिलं असेल, तर लिहिणाऱ्याने मला भलत्याच ठिकाणी शोधलं. मी माझ्या जागी होते आणि तिथे मी तीस वर्षं होते.

माझा जन्म मानाग्वा शहरातल्या एका पत्रेकाम करणाऱ्या कारागिराच्या ओसरीवर झाला. त्याचं नाव आपोलोनियो. त्याची बायको एर्मेलिंदा घरी शिवणकाम करायची. तिची बहीण दूर समुद्रकाठी राहायची आणि तिची पत्रं फाटकाखालून सरकवलेली असत. पावसाळ्यात ती भिजून लगदा व्हायची आणि एर्मेलिंदा दिवसभर कोणाशी बोलायची नाही. म्हणून आपोलोनियोने तेलाच्या रिकाम्या पिंपाचा पत्रा कापला, वाकवला, सांध्यांना डाग दिला आणि पाणी आत जाऊ नये म्हणून वर पुढे आलेलं झाकण बसवलं. लाल रंग दिला, कारण घरात तेवढाच उरला होता. लोकांना वाटतं त्यामागे काही विचार असेल, तर तो नव्हता.

आमच्या शहरात घरांना नंबर नसतात. एखादी ठळक खूण धरायची आणि तिथून चौक मोजायचे, एका कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत एक चौक. उत्तर म्हणायची झाली तर लोक तळ्याकडे म्हणतात. खूण जिवंत असलीच पाहिजे असंही नाही. भूकंपात जमीनदोस्त झालेल्या थिएटरवरून अजून पत्ते सांगितले जातात, आणि ते थिएटर ज्यांनी कधी पाहिलं नाही तेही बरोबर घरी पोचतात. मी फाटकावर चढले आणि चार-पाच वर्षांत आमच्या गल्लीची खूण झाले. वाणसामानाचं दुकान लाल पेटीपासून अर्धा चौक तळ्याकडे. दात काढणारा लाल पेटीच्या अगदी समोर. जिच्यावरून सुजलेल्या गालाची माणसं दातवाल्याकडे बिनचूक पोचायची, ती म्हणे सापडत नाही.

माझ्या पोटात पुष्कळ काही येऊन गेलं. बहिणीची पत्रं, लग्नपत्रिका, शाळेच्या गणवेशांची मापं लिहिलेल्या चिठ्ठ्या. एकदा शेजारच्या कोंबडीने अंडंही घातलं होतं. आपोलोनियो गेला तेव्हा सांत्वनाची एकोणीस पत्रं आली आणि माझं झाकण लागेना. त्यानंतर हळूहळू पत्रं आटली. सगळ्यांच्या हातात फोन आले. माझ्यात पाली राहू लागल्या, कडांना गंज चढला आणि एर्मेलिंदाची लेक शिओमारा मला बघून नाक मुरडू लागली. भंगारवाला येता-जाता माझ्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा. मी मुद्दाम बद्द आवाज काढायचे.

त्याच सुमारास एर्मेलिंदाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. शिवणारीला नजर नसेल तर काय उरतं? हाताच्या सवयीवर ती मशीन चालवायची, पण सुईत दोरा जाईना. मग तिने फाटकावर माझ्याशेजारी एक कापड टांगलं आणि त्यात रिकाम्या सुया टोचून ठेवल्या. जाणारा-येणारा एखादी ओवून द्यायचा. पोस्टमन सिप्रियानो तर रोज तीन सुया ओवायचा, पत्र असो वा नसो. सरकारी रुग्णालयात तिचं नाव शस्त्रक्रियेच्या यादीत घातलं होतं. तिथे सांगितलं होतं की पाळी आली की घरी पत्र येईल, पत्रावरच्या तारखेपासून पंधरा दिवसांत येऊन होकार द्यायचा, नाहीतर नाव यादीच्या तळाशी जाईल. त्या पत्राची वाट बघण्यात दोन वर्षं गेली. रोज सकाळी ती माझ्यात हात घालून चाचपायची. हात रिकामा बाहेर आला की मला लाज वाटायची, जणू मीच ते पत्र गिळलं होतं.

आता मुख्य गोष्ट. शिओमाराने शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा घेतली, दोन खोल्या बांधायला काढल्या आणि आईला तिकडे न्यायचं ठरवलं. मुलगी गुणाची, कष्टाची, पण तिला प्रत्येक काम वेळेच्या आधी करायची खोड. आईचं पत्र जुन्या घरी येऊन पडू नये म्हणून फेब्रुवारीतच तिने टपाल कचेरीतून पत्ता बदलायचा कागद आणला आणि माझ्याच झाकणावर ठेवून भरला. कोणत्या तारखेपासून, तर एक मार्च. नवा पत्ता काय? तिकडची वस्ती नवीन, ओळखीची खूण एकच, ती म्हणजे बर्फाचा बंद पडलेला कारखाना, आणि त्याच्या आसपास पन्नास अर्धवट घरं. ती पेन चावत उभी राहिली.

एर्मेलिंदा म्हणाली, "ही पेटी मी तिकडे नेणार आहे. तुला आवडो न आवडो."

शिओमाराला तोच धागा सापडला. तिने लिहिलं, बर्फाचा कारखाना होता तिथून तीन चौक दक्षिणेला, लाल पेटीचं घर. मला क्षणभर अभिमान वाटला, कबूल करते. पण मी तर अजून इथे लटकत होते. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.

एक मार्च उजाडला आणि नव्या घराला छप्पर नव्हतं. मिस्त्री आपल्या गावच्या संताच्या जत्रेला म्हणून चार दिवस गेला होता, तो पाच आठवडे उगवला नाही. सामान बांधलेलं, मशीन गोणपाटात गुंडाळलेलं, आणि आम्ही तिथेच. टपाल कचेरीला मात्र जत्रेशी काय देणंघेणं? कागदावर एक तारीख होती, त्यांनी एक तारीख पाळली. घर हललं नाही, पत्ता मात्र पुढे निघून गेला. शिओमाराला त्या कागदाची आठवणच राहिली नाही.

सतरा मार्चला सिप्रियानो आला. दोन सुया ओवल्या, तिसरी हातात धरून तो उभाच राहिला. मग, आमच्याकडे बाईमाणसाला मानाने दोन्या म्हणतात तसं, म्हणाला की दोन्या एर्मेलिंदा, सांगू की नको कळत नाहीये. तिच्या नावाचं डोळ्यांच्या विभागाचं पाकीट आलं होतं, वर पाच तारखेचा शिक्का. त्याने ते डोळ्यांनी पाहिलं, पण त्याला मिळालं नाही, कारण तिचं टपाल आता दुसऱ्या पोस्टमनच्या थैलीत जातं. तो बिचारा बर्फाच्या कारखान्यापाशी दोनदा फिरला, घरोघर विचारून आला. लाल पेटी कोणी पाहिलेली नव्हती. काल ते पाकीट परत रुग्णालयात गेलं आणि त्यावर लिहिलं होतं, लाल पेटी सापडली नाही.

मित्रांनो, तेव्हा माझ्या पत्र्याला जो ताप आला तो उन्हाचा नव्हता.

शिओमाराने कपाळावर हात मारून घेतला. ती रडवेली झाली. म्हणाली, चूक माझी आहे, मी आजच रुग्णालयाला अर्ज लिहिते.

"अर्ज लिही," एर्मेलिंदा शांतपणे म्हणाली. "आणि उत्तर कुठल्या पत्त्यावर येणार गं त्याचं?"

एर्मेलिंदाने आपोलोनियोचा जुना पेचकस मागवला आणि चाचपत चाचपत माझे चारही स्क्रू स्वतः काढले. शिओमारा मदतीला सरकली तर तिने तिला कोपराने ढकललं. तोवर गल्ली जमली. दातवाल्याने विचारलं की आता त्याने गिऱ्हाइकांना पत्ता काय सांगायचा. लाल पेटी होती तिथे, असं सांग, एर्मेलिंदा म्हणाली, या गावात होतं त्यावरून सगळ्यांना सगळं सापडतं. मग आवाज चढवून लेकीला ऐकू जाईल असं म्हणाली, जे अजून व्हायचंय त्यावरून मात्र कुत्रंसुद्धा सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघी बसने रुग्णालयात गेलो. मी एर्मेलिंदाच्या मांडीवर. शिओमाराला माझी लाज वाटत होती. मला वर्तमानपत्रात गुंडाळू का, असं तिने दोनदा विचारलं. आईने ऐकलं नाही.

खिडकीमागे एक तरुण कारकून होता, माणूस वाईट नव्हता. शिओमाराने त्याला तारखेची आणि छपराची सगळी हकीकत सांगितली. त्याने पाकीट शोधून काढलं, वही उघडली आणि नियम सांगितला. पत्र परत आलं म्हणजे रुग्ण पत्त्यावर राहत नाही, म्हणजे पाळी पुढच्या माणसाला, आणि नाव यादीच्या तळाशी. आणखी दोन वर्षं तरी लागतील, आजी, असं तो हळूच म्हणाला. दोन वर्षं! तोवर एर्मेलिंदाला मशीनची मूठसुद्धा दिसली नसती.

तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या वहीवर ठेवलं. माझ्या गंजाची पूड त्या स्वच्छ पानावर सांडली. सांडू दे, मी म्हटलं.

"तुमच्या माणसाला काय सापडलं नाही? वाच."

"लाल पेटी."

"मग ही काय आहे?"

रांगेत एका डोळ्याला पट्टी बांधलेला म्हातारा होता, तो खुदकन हसला आणि म्हणाला की मला एकाच डोळ्याने दिसते आहे, पोरा, तुला दोन आहेत. रांग हलली, माणसं माना उंच करून बघू लागली. कारकून कानापर्यंत लाल झाला. तो म्हणाला, पेटी म्हणजे घर नव्हे, रुग्णाला कायमचा पत्ता हवा, जुना सुटलेला आहे आणि नव्याला छप्पर नाही.

"पत्रावर पाच तारीख आहे," एर्मेलिंदा म्हणाली. "आज अठरा. पंधरा दिवसांतले दोन अजून माझे आहेत आणि ते मी कोणाला देणार नाही. पत्ता हवा ना? लिहून घे. डोळ्यांच्या विभागाची खिडकी, तिथून पाच पावलं दाराकडे, लाकडी बाक, लाल पेटी. दोन दिवस मी तिथेच राहते."

आणि ती खरंच जाऊन बसली. मला बाकाच्या टोकावर ठेवलं, फट खिडकीकडे करून. शिओमारा आधी उभीच राहिली, इकडेतिकडे पाहत. मग आईच्या शेजारी येऊन बसली आणि तिने माझ्या झाकणावरची धूळ आपल्या पदराएवढ्या रुमालाने पुसली. तीस वर्षांत तिने मला पहिल्यांदा पुसलं. मी तेव्हाच तिला माफ करून टाकलं.

दुपार झाली. पट्टीवाल्याने केळीच्या पानात वाफवलेला मक्याच्या पिठाचा नाकातामाल अर्धा करून दोघींना दिला. येणारा प्रत्येक जण विचारायचा की ही पेटी इथे कशाला, आणि पट्टीवाला प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगायचा. दर वेळी त्याच्या गोष्टीत मी थोडी मोठी होत गेले. कारकून खिडकीतून बघायचा आणि मान खाली घालायचा. मग तो वही उचलून आतल्या खोलीत गेला. बराच वेळ आला नाही. एर्मेलिंदाने शिओमाराचा हात धरून ठेवला होता. ती घाबरली होती. पण उठली नाही.

शेवटी कारकून आला तो खिडकीशी थांबलाच नाही. बाजूच्या दाराने बाहेर आला, पाच पावलं चालला, त्या परत आलेल्या पाकिटावरचा शेरा त्याने पेनाने खोडला आणि पाकीट माझ्या फटीतून आत टाकलं. एर्मेलिंदाला दिसलं नाही, पण आवाज ऐकू आला. तो आवाज ती ओळखते.

"टपाल आलंय, दोन्या एर्मेलिंदा," तो म्हणाला. "उघडून बघा, आणि आजच सही करून जा."

तिने झाकण उचललं, हात घातला, आणि या वेळी हात रिकामा आला नाही.

एप्रिलमध्ये तिचा उजवा डोळा झाला, जूनमध्ये डावा. तोवर मिस्त्रीही उगवला आणि छप्परही चढलं. पट्टी काढून घरी आली त्या दिवशी ती सरळ नव्या फाटकापाशी आली, मला जवळून बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, किती गंजलीस, आणि कोणी मला सांगितलं नाही." मग लाल रंगाचा डबा आणवून तिने मला स्वतः रंगवलं. सुया आता तीच ओवते. बर्फाच्या कारखान्यापलीकडच्या वस्तीत आता नऊ घरांचे पत्ते माझ्यावरून सांगतात, आणि जुन्या गल्लीत दातवाल्याचं दार अजून तिथेच आहे, लाल पेटी होती तिच्या समोर. एकाच शहरात मी दोन ठिकाणी सापडते. तुमच्यापैकी किती जणांना हे जमतं?

तर मित्रांनो, घर बदलाल तेव्हा पत्त्याला घाई करू नका आणि उशीरही करू नका. जाण्याचा दिवस हातात आला की मगच तारीख लिहा, ठरलेला दिवस हुकला तर टपाल कचेरीत जाऊन ती बदलून या, आणि जुन्या दारावर कोणीतरी आपला माणूस ठेवा, जो रोज येऊन तीन सुया ओवून जाईल. दारावरच्या म्हाताऱ्या वस्तूला भंगारात घालण्याआधी तिच्यावर अजून कोणाचा पत्ता टांगलेला आहे का, तेही विचारा. आणि इतकं करूनही कोणी लिहून पाठवलं की तुम्ही सापडत नाही, तर घरी बसून रडू नका. माझ्या एर्मेलिंदासारखं स्वतःला उचला आणि त्यांच्या वहीवर नेऊन ठेवा.