हॅथवेसाहेबांचे स्वतःचे शब्द

माझे वडील कॉर्नेलियस रॅट्झलाफ आमच्या मेनोनाइट, म्हणजे युद्ध निषिद्ध मानणाऱ्या ख्रिस्ती मंडळीचे उपदेशक होते. अमेरिकेत, कॅन्ससमध्ये येण्याआधी आमच्या लोकांनी तीन देश सोडले, पण हत्यार कधी हातात धरलं नाही. १९१८ साली जर्मनीशी लढाई चालू होती आणि आम्ही घरात जर्मन बोलायचो. गावानं फर्मान काढलं की प्रार्थनाघराच्या व्यासपीठावर देशाचा झेंडा लावा. पापा म्हणाले, "झेंड्याशी माझं भांडण नाही. पण या चार भिंतींत राजा एकच."

त्या जूनमध्ये एका रविवारी उपासना सुटत होती, तेव्हा नऊ माणसं आली. पुढे क्लाइड हॅथवे होता, औषधांच्या दुकानाचा मालक. त्यांनी पापांना पायरीवरच धरलं आणि पिवळ्या रंगाची बादली डोक्यावर ओतली. पिवळा म्हणजे भेकडांचा रंग. कुणीतरी हसत हसत कुंच्यानं दाढीही रंगवली. मी अकरा वर्षांची होते. आईनं माझं तोंड आपल्या झग्यात दाबलं, पण हसणं ऐकू येतच होतं. रंग डोळ्यांत गेला होता. पापांचा उजवा डोळा पुन्हा उघडला नाही.

दोन वर्षांनी हॅथवे घरी आला. "झालं गेलं विसरून जा, उपदेशक," म्हणाला. पापांनी त्याचा हात हातात घेतला आणि त्याला जेवायला बसवलं. आईनं भाजलेले बन त्यानं लोणी लावून चार खाल्ले. मी चुलीपाशी उभी राहून मोजले.

पापा १९३१मध्ये गेले. मी गावच्या शाळेत इतिहास शिकवू लागले, लग्न केलं नाही. हॅथवेच्या नावाचं उद्यान झालं.

१९५६मध्ये गावाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. मैदानावर गावाचा इतिहास नाटकासारखा सादर करायचा ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. हॅथवे त्या वर्षी विधानसभेला उभा होता. अडुसष्टाव्या वर्षीही ताठ. तो शाळेत आला.

"बाई, पहिल्या महायुद्धाचं पान मी वाचतो. लोकांना आवडेल. पण जुनं काही उकरू नका हं. तुमच्या वडिलांनी मला केव्हाच माफ केलंय."

"मी माझ्या पदरचं एक अक्षर घालणार नाही, हॅथवेसाहेब. तुमचेच शब्द आहेत."

"माझे?" तो खुलला. "मग बघायलाच नको!"

खोटं बोलले नव्हते. लिखाणासाठी मला वर्तमानपत्राच्या कचेरीतले जुने अंक मिळाले होते. जून १९१८च्या अंकात, पहिल्याच पानावर, हॅथवेचं निवेदन होतं. तेव्हा त्याला लपवावंसं काहीच वाटलं नव्हतं. मी ते जसंच्या तसं टंकलं आणि त्या दिवशी मंचावर, ध्वनिक्षेपकासमोर, त्याच्या हातात दिलं. आधी वाचून बघेल अशी भीती होती. पण तो लोकांना हात हलवण्यात गुंग होता.

चष्मा लावून त्यानं खड्या आवाजात सुरुवात केली. "आपल्या गावात भेकडांना थारा नाही, हे आम्ही आज दाखवून दिलं. जर्मनांच्या त्या उपदेशकाला आम्ही त्याच्याच दारात पिवळा रंगवला..."

तो थांबला. मैदानात दीड हजार माणसं ऐकत होती.

"वाचा ना, हॅथवेसाहेब," मी म्हणाले.

त्यानं चष्मा काढला. मी कागद काढून घेतला आणि उरलेलं वाचलं. शेवटी नऊ नावं होती, ती सावकाश वाचली. चौघं समोर बसले होते, नातवंडांना मांडीवर घेऊन. एका बाईनं नवऱ्याकडे वळून पाहिलं, ते मला अजून दिसतं. खरं सांगते, इतकं गोड मला आयुष्यात काही लागलं नव्हतं.

आठवड्यानं हॅथवेनं निवडणुकीतून नाव मागे घेतलं. मग तो माझ्या दारात आला, टोपी हातात धरून.

"तुझ्या बापानं माझ्याकडून वचन घेतलं होतं," तो म्हणाला. "यावर पुन्हा अवाक्षर काढायचं नाही. पोरीच्या मनात विष राहील, म्हणाला होता. म्हणून गप्प राहिलो इतकी वर्षं."

हे मला ठाऊक नव्हतं. पण त्याला ते दिसू दिलं नाही.

"त्यांचा डोळा होता, त्यांनी माफ केलं," मी म्हणाले. "मला कुणी विचारलं?"

"मग तू माफ कर."

"नाही."

तो पायऱ्या उतरून गेला. रेलिंग धरून उतरला.

मंडळीचे ज्येष्ठ प्रमुख गेऱ्हार्ड फोट पुढच्या रविवारी आले. पापांचे शिष्य, मवाळ माणूस. "आगानेथाताई, तू सांगितलंस ते सगळं खरं. पण तू ते मारायला वापरलंस. मंडळीपुढे उभी राहून तेवढं कबूल कर."

"कबूल करते. मारायलाच वापरलं."

"आणि पश्चात्ताप?"

"तो खोटा करू का, गेऱ्हार्ड?"

त्यांनी मान खाली घातली. पश्चात्ताप होईपर्यंत मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षरस, घेऊ नये असं ठरलं. मला ते योग्यच वाटलं.

हॅथवे दोन हिवाळ्यांनंतर वारला. त्याच्या दफनाला मी गेले नाही. दर वसंतात भाकर आणि द्राक्षरसाचा पेला बाकाबाकांवरून फिरतो आणि माझ्यापर्यंत येतो. शेजारची बाई दर वेळी क्षणभर माझ्याकडे बघते. मी मान हलवते आणि पेला पुढे देते.