सौनधारची खोली

अंबरनाथच्या त्या कंपनी कॉलनीत माणसाचं नाव मागाहून कळायचं, आधी कळायची त्याची ग्रेड. ए टाइप बंगले, बी टाइप बंगले आणि मग ब्लॉक. कुणाच्या खिडकीसमोर आंब्याचं झाड येणार आणि कुणाच्या खिडकीसमोर गटार, हेही ग्रेडवरच ठरे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिलं कुंकू कुणाला लावायचं, हे वयावर नाही, नवऱ्याच्या पदावर. चुकून एखाद्या नव्या सुनेनं क्रम मोडला, तर आठवडाभर कॉलनीत दुसरा विषय नसे. असिस्टंट मॅनेजर श्रीपादरावांची बायको पद्मजा हे सगळं हसण्यावारी नेई. नेई म्हणजे काय, आपल्या ठरलेल्या नंबरावर कपाळ पुढं करी आणि घरी येऊन हसे.

ती हट्टाला पेटली ती एकाच गोष्टीवर. सुट्टीत कुठं जायचं यापेक्षा कुठं उतरायचं हा खरा प्रश्न असतो, असं तिचं म्हणणं होतं. कंपनी प्रवासाची सवलत द्यायची, तेव्हा हिंडणं बरंच झालं होतं. मसुरीला खिडकी उघडली तर समोरच्या हॉटेलचा भटारखाना दिसला. उटीला तर बस स्टँडच्या डोक्यावरच खोली होती. पहाटेपासून कंडक्टर ओरडत होते. श्रीपादरावांच्या हिशेबानं ही दोन्ही ठिकाणं उत्तम. स्टँड जवळ, आंघोळीला गरम पाणी आणि ताटात वरणभात, या तीन गोष्टी जमल्या की त्यांच्या दृष्टीनं कैलास आणि कल्याण सारखंच.

"डोंगर काय, बाहेर जाऊन बघता येतो," ते म्हणत. "पोट बिघडलं तर कुठं जायचं?"

कॉलनीच्या वाचनालयात आलेल्या एका मासिकात पद्मजानं सौनधारबद्दल वाचलं. कुमाऊंमधलं एक राष्ट्रीय उद्यान. त्याच्या फाटकाच्या आत, जंगलातच, इंग्रजांच्या वेळचा वनखात्याचा बंगला. दोनच खोल्या. समोर व्हरांडा आणि व्हरांड्यासमोर सरळ हिमशिखरं. शेजारी तंबू ठोकायला मोकळी जागाही होती. तंबूचं नाव काढताच श्रीपादराव म्हणाले, "तंबूत सर्कसवाले राहतात." तेव्हा तंबू गेला आणि खोली उरली. तिनं खात्याला लिहिलं. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. कॉलनीतल्या बायका लोणची घालत होत्या तेव्हा ही पोस्टमनची वाट बघत होती. असं वर्षभर गेल्यावर एकदाची परवानगी आली, शहाऐंशीच्या मे महिन्यासाठी, दोन्ही खोल्यांची.

तो कागद हातात घेऊन ती स्वयंपाकघरात एकटीच हसत उभी राहिली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण राहायची जागा तिनं निवडली असं कधी झालंच नव्हतं. माहेर बापाचं, क्वार्टर कंपनीचं, हॉटेल नवऱ्याचं. सौनधार तेवढं तिचं होतं.

श्रीपादरावांनी कागद वाचला आणि म्हणाले, "दुसरी खोली मोकळीच आहे. साहेबांना विचारतो."

साहेब म्हणजे विष्णुपंत, त्यांच्या खात्याचे मुख्य. त्या वर्षी श्रीपादरावांचं मॅनेजरपदाचं प्रमोशन अडलेलं होतं आणि ते विष्णुपंतांच्या शब्दावर आहे, असं सारी कॉलनी धरून चालली होती. पद्मजाला कळलं. तिनं मान डोलावली. दोन खोल्या होत्या, एकीत साहेब राहिले तर आपलं काय बिघडतं?

मुलगी मीनल आठवीत होती; तिला मामाकडे बदलापूरला पाठवलं. पद्मजा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जाऊन दोघांना जाड स्वेटर, कानटोप्या आणि एक मोठा होल्डऑल घेऊन आली. दुकानदार सिंधी म्हातारा होता. स्वेटर झटकत म्हणाला, "बहन, ये पहनके बर्फ में सो जाओ, साईं की कसम, पंखा माँगोगी!" ती आल्यापासून रोज एकदा तो स्वेटर घडी मोडून बघत होती. मे महिन्याच्या त्या उकाड्यात!

काठगोदामपासून बस, मग खालच्या बाजारापासून भाड्याची जीप. वर पोचेपर्यंत दुपार कलली. बंगला मासिकातल्यासारखाच निघाला, उलट जरा जास्तच जुना आणि जास्तच चांगला. ढग होते म्हणून शिखरं दिसत नव्हती, पण देवदारांचा वास असा दाटून आला होता की पद्मजा जीपमधून उतरली ती उभीच राहिली.

चौकीदार हात चोळत आला. "साहब, एक ही कमरा मिलेगा. दूसरे की छत बैठ गई, परसों की बारिश में."

"अरे, पण परमिट दोन खोल्यांचं आहे!" श्रीपादराव म्हणाले आणि मग तेच हिंदीत म्हणाले.

"परमिट तो है, साहब. छत नहीं है."

दुसरी खोली उघडून दाखवली. आत पलंगावर पत्रे आणि माती. म्हणजे खोली एक आणि जोडपी दोन. साहेबांच्या पलंगाशेजारी सतरंजी टाकून झोपणं श्रीपादरावांना स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं, आणि खरं सांगायचं तर साहेबांनाही. एका जोडप्यानं खाली बाजारातल्या लॉजवर जायचं, हे उघड होतं.

विष्णुपंतांची बायको कुमुदिनी एव्हाना व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसली होती. बूट काढून झाले होते. तिथूनच ती म्हणाली, "अहो, तुम्हीच राहा इथं. पद्मजानं एवढी खटपट केली. आम्ही जातो खाली."

"छे छे, वहिनी, भलतंच काय!" श्रीपादराव म्हणाले. "साहेब इथंच राहतील. आम्हाला काय, कुठंही चालतं."

"नको हो. हिला किती हौस!"

आता हा आपल्याकडचा शिष्टाचार. वाढणाऱ्यानं आग्रह करायचा, जेवणाऱ्यानं नको म्हणायचं. दोनदा, तीनदा, आणि मग जे आधीच ठरलेलं असतं तेच व्हायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायची ही रीत पद्मजा लहानपणापासून पाळत आली होती. कुमुदिनी मनापासून म्हणत नाही, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ते होल्डऑल उचलून पुन्हा जीपमध्ये टाकत होते. तिला विचारलं नव्हतं. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"बरं, कुमुदताई," ती म्हणाली. "तुम्ही एवढं म्हणताय तर राहतो आम्ही."

होल्डऑल अर्धा जीपमध्ये, अर्धा श्रीपादरावांच्या हातात. मग विष्णुपंत हसले. "ठीक आहे. चला, कुमुद." कुमुदिनी बूट घालायला वाकली. तिचा चेहरा काही दिसला नाही.

"मी येतो, साहेब, तुमच्याबरोबर," श्रीपादराव घाईनं म्हणाले. "खाली सोय नीट लागते का बघतो आणि याच जीपनं परत येतो."

ते परत आले नाहीत. अंधार पडल्यावर जीपवाला घाट चढायला तयार नव्हता, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. खरंही असेल.

पद्मजानं चौकीदाराच्या हातची खिचडी खाल्ली आणि दाराला कडी घालून पडून राहिली. सकाळी उठून बाहेर आली तर ढग गेले होते. शिखरं होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मासिकात होती त्याच्या कितीतरी पट. त्यांच्यासाठी ती वर्षभर जगली होती. ती बघत उभी राहिली आणि तिला एवढंच वाटत राहिलं की आपण चोरून लाडू खातोय आणि कुणीतरी आता येणार. सुख झालं नाही. ते व्हायला हवं होतं, हे कळत होतं, म्हणून जास्तच रडू आलं.

खाली लॉजवर ढेकूण निघाले होते. परतीच्या प्रवासात विष्णुपंत पेपर वाचत होते आणि कुमुदिनी अतिशय गोड बोलत होती. श्रीपादराव बायकोशी बोलत नव्हते.

आषाढात प्रमोशनची नावं लागली. त्यांचं नव्हतं. दोन वर्षांनी ज्युनिअर असलेल्या हेमचंद्राचं होतं. संध्याकाळी ते घरी आले, खुर्चीत बसून बूट काढले, ते जागेवर ठेवले आणि म्हणाले, "मिळाली ना खोली?"

पद्मजाला ते पटलंच. ब्लॉकमधून बी टाइप बंगल्यात जायचं राहिलं ते माझ्यामुळं. मीनलला इंजिनिअरिंगला बाहेरगावी ठेवता आलं नाही ते माझ्यामुळं. हळदीकुंकवाला हेमचंद्राच्या बायकोला, उमाला, आता तिच्या आधी कुंकू लागे. ती कपाळ पुढं करी, पण घरी येऊन हसत नसे. आणि घरात भाजीत मीठ जास्त पडो की मीनलला उशीर होवो, ते वाक्य दबा धरून बसलेलंच असे. मिळाली ना खोली? पुढं पुढं ते नुसतं "खोली" म्हणत. तेवढं पुरे.

सुट्टीत कुठं उतरायचं हे तिनं पुन्हा कधी सुचवलं नाही. वाचनालयात जाणंही सुटलं. महाबळेश्वरला स्टँडसमोर, पचमढीला स्टँडमागं. "तुम्ही म्हणाल तिथं," ती म्हणे आणि बॅग भरे.

पंचाण्णव साली मीनलचं लग्न झालं, बदलापूरला, स्टेशनजवळच्या हॉलमध्ये. विष्णुपंत निवृत्त होऊन ठाण्याला राहत होते. त्यांना दगदग झेपत नव्हती, म्हणून कुमुदिनी एकटीच आली. जेवणं झाल्यावर ती पद्मजाला बाजूला घेऊन बसली. म्हातारी झाली होती आणि गोड बोलायचं सोडून साधं बोलायला लागली होती.

"छान झालं गं कार्य. श्रीपादरावांचं तेवढं वाईट वाटतं मला अजून. ह्यांनी फार खटपट केली होती त्यांच्यासाठी."

पद्मजाच्या मनात नऊ वर्षं साठलेलं होतं, ते बाहेर पडलं. "कुमुदताई, माझंच चुकलं तेव्हा. सौनधारला. मी तशी बोलले नसते तर—"

"सौनधारचं काय?" कुमुदिनीला आठवायला वेळ लागला. "अगं, त्या खोलीचं? वेडी की काय तू! तू राहते म्हणालीस तेव्हा मला हायसं वाटलं. त्या जंगलात मला रात्रभर झोप लागली नसती. आणि त्याचा प्रमोशनशी काय संबंध? हेड ऑफिसनं नाव कापलं ते पाडव्याच्या आधी. ह्यांनी श्रीपादरावांना घरी बोलावून सांगितलं होतं. चहा मीच दिला. तोंड एवढंसं झालं होतं बिचाऱ्यांचं. म्हणून तर ट्रिपला विचारलं तेव्हा आम्ही हो म्हटलं, म्हटलं तेवढंच त्यांना बरं वाटेल."

पाडवा म्हणजे एप्रिल. सौनधार मे महिन्यात. पद्मजानं कुमुदिनीच्या हातात विडा दिला, वाकून नमस्कार केला आणि मुलीची पाठवणी होईपर्यंत डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. बायका म्हणाल्या, आई फार खंबीर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुणे पांगले. श्रीपादराव खुर्चीत पाय पसरून बसले होते. ती समोर जाऊन उभी राहिली.

"प्रमोशन गेलेलं तुम्हाला ट्रिपच्या आधीपासून माहीत होतं."

कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही. पाय जवळ घेतले.

"मग माझी खोली कशाला देत होतात त्यांना? मिळायचं काही उरलं नव्हतं ना?"

"साहेब होते ते," श्रीपादराव म्हणाले. त्यांना प्रश्नच समजला नसावा.

"आणि नऊ वर्षं माझ्या माथी मारलंत ते?"

ते खिडकीकडे बघायला लागले. मग म्हणाले, "कुणावर तरी काढायला लागतंच ना माणसाला. साहेबांवर थोडंच काढता येतं?"

वड्याचं तेल वांग्यावर, हे पद्मजा जन्मभर ऐकत आली होती. पण वांग्याला इतकं सरळपणे, रागलोभाशिवाय, तू वांगं आहेस असं कुणी सांगत असेल हे तिला माहीत नव्हतं. त्यांच्या आवाजात दुष्टपणा असता तर ती भांडली असती. तो नव्हता. कॉलनीतला नियम समजावून द्यावा तसं ते बोलले होते, आणि त्या नियमात ती त्यांच्या खालच्या ग्रेडला होती.

एवढ्यावर मिटलं, असं त्यांना वाटलं. आवाज मऊ करून म्हणाले, "जाऊ दे. आता मीनलचं झालं, मोकळे झालो आपण. मे महिन्यात जाऊ कुठंतरी डोंगरात. या वेळी तू ठरव कुठं उतरायचं."

"तुम्हीच ठरवा," पद्मजा म्हणाली. "एकट्याचंच बुकिंग करा."

मग तिनं पलंगावरची आपली उशी आणि चादर उचलली, मीनलच्या रिकाम्या झालेल्या खोलीत गेली आणि आतून कडी घातली.